वस्तू काढून टाकता येतात, पण ‘हवंसं वाटणं’ कसं काढायचं?

पसारा नको

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी उधळी नाही. कर्ज नाही, कार्डाची थकबाकी नाही, महिन्याचा हिशेब वहीत असतो. तरीही घरात वस्तू साचतात आणि अधूनमधून मी कंबर कसून आवरायला घेते. कपाटं रिकामी होतात, पिशव्या भरभरून सामान देऊन टाकते, काही आठवडे घर मोकळं मोकळं वाटतं. मग हळूहळू पुन्हा भरायला लागतं. नवऱ्याचं म्हणणं असं की मी आवरत नाही, फक्त स्टॉक बदलते.

पण माझी अडचण आवरण्याची नाहीच, त्याच्या आधीची आहे. रात्री आडवं पडल्यावर फोन हातात असतो. एक बॅग दिसते. बॅगेची गरज नाही हे मला पक्कं ठाऊक असतं. तरी मी तिच्याबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचते, त्यांनी टाकलेले फोटो मोठे करून शिवण बघते, राखाडी घ्यावी की निळी यावर अगदी मनापासून विचार करते. ती बॅग खांद्याला लावून कुठेतरी निघालेय, नीटनेटकी, वेळेच्या आधी पोचलेली, असं चित्र डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात मी कायम उशिरा पोचणारी आणि दोन्ही हातांत काहीबाही धरलेली बाई आहे. कधी ऑर्डर करते, कधी नाही. नाही केली तरी तासभर गेलेलाच असतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच बॅग बातम्यांच्या मधे, हवामानाच्या खाली, जिथे जाईन तिथे हजर.

आणि गंमत म्हणजे बॅग हातात आल्यावरचा आनंद त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या आनंदापेक्षा नेहमी लहान निघतो. खोकं उघडलं की संपलं.

तर, थोडक्या वस्तूंत मजेत राहणारं इथे कोणी आहे का? ती मजा नक्की कशात असते? हवंसं वाटणं कधी थांबतं का? आणि लोक कंजूष म्हणतात त्याचं काय करता?

दोन गोष्टी कृपया नकोत. पांढरी भिंत, एक खुर्ची आणि कुंडीतलं एक झाड असले फोटो. आणि ‘सगळं मिथ्या आहे’ छापाचं प्रवचन. मला संन्यास घ्यायचा नाहीये.

घासाघीस

कंजूष म्हणणाऱ्यांचं काही करायचं नसतं. पुढे.

बाकीचं सोपं आहे आणि त्यात अध्यात्म औषधालाही नाही. खरेदीच्या वाटेत अडथळे घाला. ऑनलाइन दुकानांचा सगळा जीव वाटेतले खडे उचलण्यात असतो. एका क्लिकमध्ये खरेदी या युक्तीचं पेटंट अ‍ॅमेझॉनला १९९९ मध्ये मिळालं आणि २०१७ पर्यंत ते चाललं. पत्ता भरा, कार्ड भरा, पुन्हा एकदा खात्री करा, या पायऱ्या गाळल्या, एवढीच ती युक्ती. पण माणूस शुद्धीवर येतो तो त्या पायऱ्यांवरच.

म्हणून त्या परत आणा. अ‍ॅप उडवा, ब्राउझरमधूनच जा, दर वेळी लॉगआउट करा, कार्डाचा नंबर कुठेही साठवू नका, कार्ड दुसऱ्या खोलीत ठेवा. २००१ मध्ये प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. काहींना सांगितलं पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्डाने. कार्डवाल्यांची बोली जवळजवळ दुप्पट गेली. तिकीट तेच, सामना तोच.

आणि यादी ठेवा, पण यादीत वस्तूचं नाव लिहू नका. मी काम लिहितो. ‘बॅग’ नाही, तर ‘पावसात लॅपटॉप कोरडा राहायला हवा’. काम लिहिलं की बऱ्याचदा घरातलंच काहीतरी हात वर करतं.

कपॅसिटर काका

ताई, वरचे अडथळे घालाच, उपयोग होतो. पण मजा कशात असते हे तुम्ही विचारलंत, आणि त्याचं उत्तर अडथळ्यांत सापडणार नाही.

मी आयुष्यभर घरगुती उपकरणं दुरुस्त केली. पंखे, इस्त्र्या, वॉशिंग मशीन, केस वाळवायची यंत्रं, नंतरच्या काळात फोनसुद्धा. आता दुकान बंद केलंय, पण हात शांत बसत नाहीत, ओळखीपाळखीच्यांचं बिघडलेलं उघडत असतो.

सगळे म्हणतात हल्ली माणसं वस्तूंच्या फार मागे लागलीत. माझ्या टेबलावर जे येत गेलं त्यावरून मी उलटं सांगेन. माणसांना वस्तूंशी फारसं देणंघेणंच नसतं. त्यांना घेण्याशी देणंघेणं असतं. वस्तू घरात आली की तिच्याकडे परत कोणी बघत नाही, थेट ती बंद पडेपर्यंत.

छताच्या पंख्याचं घ्या. ‘हळू फिरतो, जुना झालाय, नवीनच बघतोय, तुम्ही हा फक्त उतरवून द्या.’ असं म्हणत माणूस यायचा. पंख्याच्या वाटीत आगपेटीएवढा एक चौकोनी ठोकळा असतो, त्यातून वायरी निघालेल्या असतात. तो कपॅसिटर. घरातल्या सिंगल फेज विजेवर ती मोटर स्वतःच्या बळावर फिरायला सुरुवातच करू शकत नाही. आत दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. हा ठोकळा त्यातल्या एकीतला प्रवाह जरा पुढे काढतो, त्या मागेपुढे होण्यातून फिरतं चुंबकत्व तयार होतं आणि मोटरला जोर मिळतो. ठोकळ्यावर त्याची क्षमता, २.५ मायक्रोफॅरड असं काहीतरी, छापलेली असते. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती उतरत जाते. मीटर लावला आणि दीडच्या आसपास दाखवला की समजायचं, पंखा मरगळलाय तो यामुळे. मोटर ठणठणीत, पाती ठणठणीत, बेअरिंग ठणठणीत. ठोकळा बदलायला पंखा उतरवण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही.

पंखा भन्नाट सुटला की काही जण खूश व्हायचे. पण काही जण हिरमुसायचे, आणि असे लोक कमी नव्हते. पंखा चालू झाला म्हणून तोंड पडलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत! नवीन घ्यायचं कारण गेलं ना. मनात पंखा कधीच घेऊन झालेला असायचा, रंगासकट. त्यात मी मोडता घातला.

तुमची बॅग याच जातीची. तुम्हाला बॅग नकोच आहे, वेळेवर पोचणारी ती बाई हवी आहे. ती कुठल्याही दुकानात मिळत नाही, फोटो मात्र तिचाच लावतात.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. लोक लगेच विजेच्या दिव्यांच्या कंपन्यांची गोष्ट सांगतात. खरी आहे ती: १९२४ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचा गट केला, दिव्याचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं, आणि ज्याचा दिवा जास्त टिकेल त्याला दंड लावला. पण यातली एक बाजू सांगायची राहून जाते. दिव्याची तार जास्त तापवली तर तेवढ्याच विजेत उजेड जास्त मिळतो आणि तार लवकर जळते. तेव्हा १,००० तास या आकड्यात थोडं शास्त्रही होतं. दंडाच्या वहीत नव्हतं.

माझ्या मते खरी किमया त्याच दशकातली, पण मोटारींच्या धंद्यातली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी गाडीचं रूप बदलायची रीत रुळवली. गाडी बिघडवायची गरजच उरली नाही. ती धावत असतानाच जुनी दिसायला लागली. दिव्यांच्या गटाला दंड लावावा लागला, इथे गिऱ्हाईक स्वतःच स्वतःला दंड लावून घेतं. फोनचं काय चाललंय ते बघा, वेगळं काही नाही.

पुढे वस्तूच अशा यायला लागल्या की उघडता येऊ नयेत. काही वॉशिंग मशीनचा बाहेरचा टब दोन भाग जोडून कायमचा सांधून टाकलेला असतो. आतलं बेअरिंग गेलं, म्हणजे मुठीत मावेल एवढी वस्तू गेली, तर अख्खा टबच बदला म्हणतात. फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली. युरोपीय संघाने आता नियम केला, २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही किमान ८० टक्के ताकदीची राहायला हवी, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर ७ वर्षं मुख्य सुटे भाग मिळायला हवेत. उशीर झाला, पण चांगलं झालं. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे ती त्याच्या चौथ्या हिश्श्याचीही नाही. त्यातले किती पंखे नुसत्या ठोकळ्यासाठी गेले असतील कोण जाणे.

आता तुमचा मूळ प्रश्न. हवंसं वाटणं थांबतं का? माझं तरी थांबलेलं नाही. हत्यारांच्या दुकानावरून जाताना अजून पाय रेंगाळतो. फरक एवढाच की माझं हवंसं वाटणं आता भारी चोखंदळ झालंय. नवी वस्तू दिसली की मी ती आधी उलटी करतो. पुढून कशी दिसते ते जाहिरातवाल्यांनी दाखवलेलंच असतं. मागे स्क्रू आहेत की नुसता गोंद? झिजणारा भाग कोणता, आणि तो वेगळा मिळतो का? वायर आत शिरते तिथे रबराची नळी आहे, की वायर तशीच आत घुसवलीय? (वायर कायम तिथेच तुटते. कायम.) एवढं पाहिलं की दहातल्या नऊ वस्तू आपोआप मनातून उतरतात. मन मारावं लागत नाही. नऊ वस्तू नाकारल्याचा त्याग वगैरे केला असं वाटत नाही, उलट माल ओळखल्याची ऐट वाटते. अशी ऐट करायला माझी काही हरकत नाही.

आणि जी दहावी घरात येते तिची मजा खोकं उघडून संपत नाही. माझ्याकडे कापड कापायची एक मोठी कात्री आहे. मधला स्क्रू सैल झाला की ती कापड चावते. मग पाव फेरा आवळायचा. बरोबर बसला का हे बघायला एक पातं हातात उभं धरायचं, दुसरं आडवं उघडायचं आणि सोडून द्यायचं. धाडकन मिटलं तर सैल. जागचं हललंच नाही तर घट्ट. सावकाश खाली येत येत थोडं उघडं राहून थांबलं की जमलं. मग सांध्यावर तेलाचा एक थेंब, आणि चिंधीने पुसायची. एवढ्याने माझी अख्खी संध्याकाळ बरी जाते. बायको म्हणते, कात्रीशी लग्न करायला हवं होतं तुम्ही. ही कात्री माझ्याकडे असताना मला दुसरी कात्री दाखवून बघा कोणीतरी.

तुमच्या घरात अशा किती वस्तू आहेत ताई? ज्यांच्या पोटात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, अशा?

रात्रपाळी

काकांचा प्रतिसाद जपून ठेवला.

‘आधीच्या आठवड्यातला आनंद मोठा’ हे पसारा नको यांचं निरीक्षण अचूक आहे, त्याला प्रयोगशाळेतला आधार आहे. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांवर काम केलं. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवलं तर उंदीर समोर ठेवलेल्याकडे जात नाही, उपाशी पडून राहतो. पण त्याच उंदराच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं तर पूर्वीसारखाच ओठ चाटतो. म्हणजे आवडणं शाबूत, हवंसं वाटणं गेलं. मेंदूत या दोन गोष्टींची कामं बऱ्याच अंशी वेगवेगळ्या ठिकाणी चालतात. त्यामुळे एखादी गोष्ट भयंकर हवीशी वाटू शकते आणि मिळाल्यावर तेवढी आवडत नाही. यात तुमच्या स्वभावाचा काही दोष नाही.

माझ्यापुरतं मी एवढंच करते, रात्री अकरानंतर जे हवंसं वाटतं त्याला काही किंमत द्यायची नाही. मी रात्री जागणारी आहे, थकलेल्या माणसाला काय काय हवंसं वाटतं ते रोज बघते. सकाळी झोप काढून उठल्यावर त्यातलं फारसं काही आठवतही नाही.

तिरका पाय

सगळे एकमेकांची पाठ थोपटताय म्हणून जरा आडवा येतो.

मी ज्या घरात वाढलो तिथे काहीच टाकलं जात नव्हतं. वायरीचे तुकडे, डबे, बटणं, फाटक्या चादरी, बिघडलेल्या रेडिओचा सांगाडा. पाहुण्यांना तो पसारा वाटायचा. आमच्यासाठी तो विमा होता. दोरी लागली तर दोरी विकत आणायला पैसे असतीलच याची खात्री नव्हती, म्हणून दोरी ठेवायची. आता माझे काही मित्र रिकाम्या घरांचे फोटो अभिमानाने दाखवतात. मला त्या रिकाम्या कपाटात दिसतं ते असं की याला कधीही काहीही पुन्हा विकत घेता येतं. ‘लागलं तर घेईन’ असं ज्याला म्हणता येतं त्यालाच कपाट रिकामं ठेवणं परवडतं.

दुसरं. दहा साध्या वस्तू टाकून एक भारी वस्तू आणायची आणि त्याला साधेपणा म्हणायचं, हा नवा बाजार आहे. वस्तू कमी झाल्या, खर्च वाढला.

तिसरं. पैशाने समाधान मिळत नाही याला पुरावा म्हणून लॉटरी जिंकलेल्यांचा १९७८ चा अभ्यास जो तो सांगतो. त्यात विजेते किती होते? २२. स्वीडनमध्ये लॉटरी खेळणाऱ्यांची कितीतरी मोठी पाहणी झाली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दिसलं की मोठी रक्कम मिळालेले लोक दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. तेव्हा ज्याच्याकडे नाही त्याला ‘कमीत सुख मान’ असं कोणी सांगू नये. हा धागा ज्यांच्याकडे पुरेसं आहे त्यांच्यासाठी आहे, एवढं आपण मान्य करू.

आणि काका, दुरुस्तीला वेळ लागतो. दोन पाळ्या करून घरी येणारी बाई कात्रीचा स्क्रू पाव फेरा आवळत बसणार नाही. तिला कापड कापायचं असतं.

कपॅसिटर काका

तिरका पाय, तुमच्या घरातला रेडिओचा सांगाडा मला आवडला असता. आमच्या धंद्यात त्याला पसारा म्हणत नाहीत, सुट्या भागांचं कपाट म्हणतात. वस्तू किती आहेत हे मी मोजतच नाही. माझ्याच खोक्यात स्क्रू शेकड्यांनी असतील. ज्याला दोरी कुठे आहे आणि ती कशाला लागेल हे ठाऊक आहे, त्याने दोरी ठेवावी.

लॉटरीचं बरोबर. पैसा आणि वस्तू एक नव्हे. पैसा गाठीला असला की रात्री झोप लागते, बॅग गाठीला असून लागत नाही.

वेळेचं तुमचं बरोबर आहे आणि ते मला टोचतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना वेळ नव्हताच, म्हणून तर माझा धंदा चालला. सगळ्यांनी स्वतः उघडावं असं मी म्हणत नाही. उघडणारा माणूस जवळपास असावा आणि वस्तू त्याला उघडू द्यावी, एवढं झालं तरी पुष्कळ. ॲम्स्टरडॅममध्ये २००९ मध्ये मार्टिन पोस्टमा यांनी दुरुस्तीची बैठक सुरू केली: लोक बिघडलेलं घेऊन येतात, ज्यांना दुरुस्ती येते ते त्यांच्या शेजारी बसून ते नीट करून देतात. आता अशा बैठका अनेक देशांत भरतात. बसणाऱ्यांत निवृत्त लोक भरपूर असतात. आम्हालाही घराबाहेर काढायला काहीतरी लागतंच की.

पसारा नको

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. ‘पंखा चालू झाला म्हणून हिरमुसलेली माणसं’ हे वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण मागच्या वर्षीचा त्याचा हेडफोन आठवला असणार. बटणाची एक बाजू चालत नव्हती तेव्हा स्वारी किती आनंदात होती!

तिरका पाय, मान्य. माझ्याकडे पुरेसं आहे, म्हणूनच मला हा प्रश्न पडू शकतो. मी ज्या पिशव्या भरून देऊन टाकते त्या घेणाऱ्यांनी मला कधीच विचारलं नाही की समाधान कशात आहे.

काका, तुम्ही विचारलंत अशा वस्तू किती. घरभर फिरून आले. शिवणयंत्र एक, आईचं, त्याचं बॉबिन मी डोळे मिटून बसवते. बाकी काही सुचेना. अ‍ॅप काढून टाकलंय. पण माझा मोह तुमच्यासारखा यंत्रांचा नाही, कपडे आणि बॅगांचा आहे. तिथे स्क्रू नसतात. मग उलटं करून बघायचं काय?

कपॅसिटर काका

आईचं शिवणयंत्र चालवता आणि मला विचारता होय! कपडा आतून बाहेर करा आणि शिवण बघा. शिवणीच्या पलीकडे कापड किती सोडलंय? बोटाच्या पेराएवढं सोडलं असेल तर उसवून सैल करता येतं. काठाला चिकटून मशीन मारली असेल तर ते कपडे एकदाच वापरायचे समजा. बॅगेचा पट्टा जिथे अंगाला जोडलाय तिथे चौकोन करून मधे फुली मारलेली टाकेबंदी आहे का बघा. एकच सरळ रेघ असेल तर ओझ्याने उसवणार.

आणि चेन. बॅगा जास्त करून चेन गेली म्हणून टाकतात. मागून चेन उघडी राहत असेल तर दात बहुतेक वेळा शाबूत असतात. झिजतो तो स्लायडर, त्याच्या दोन ओठांमधली फट रुंद होते आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. बारीक पकड घ्या, स्लायडरची मागची बाजू आधी एकीकडून, मग दुसरीकडून हलकेच दाबा. हलकेच म्हणजे हलकेच. हे भरीव ओतीव धातूचे असतात, जोर केला की टचकन मोडतात. दाबलं की ओढून बघा, अजून सुटत असेल तर आणखी किंचित. मोडलाच तर नुसता स्लायडर वेगळा मिळतो, चेन मिटवून दातांची रुंदी मोजून न्या. बऱ्याच स्लायडरच्या मागे ३ किंवा ५ असा आकडा असतो तो बघा.

घासाघीस

काका, धागा तुम्ही पळवलाच आहे तर माझंही सांगा. इस्त्री एकदम मेली. दिवा लागत नाही, तापत नाही, वायर दुसऱ्या इस्त्रीला लावून पाहिली, चांगली आहे. टाकू का?

कपॅसिटर काका

थांबा, टाकू नका. प्लग काढून पूर्ण गार होऊ द्या. मागचं झाकण उघडा, स्क्रू असतील तर. आत पांढऱ्या किंवा पिवळसर नळीत घातलेला पेन्सिलच्या टोकाएवढा एक भाग असेल, त्यावर अंशांचा आकडा छापलेला. तो थर्मल फ्यूज. मीटरने त्याच्या दोन टोकांत वीज जाते का बघा. जात नसेल तर बिघाड तोच, आणि त्याच आकड्याचा दुसरा मिळतो.

पण दोन गोष्टी. तो काढून वायर थेट जोडू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. तो जळाला म्हणजे इस्त्री कधीतरी हद्दीबाहेर तापली होती, त्यामुळे थर्मोस्टॅटचे, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या भागाचे, संपर्क चिकटलेत का तेही तपासावं लागेल. आणि झाकण उघडल्यावर आधी फोटो काढून इथे टाका, कुठली वायर कुठे होती ते नंतर आठवत नाही.